मागच्या सालचा कीस

आमच्या मावशीला दोन गोष्टींचा कीस काढता यायचा, शब्दाचा आणि संत्र्याच्या सालीचा. पहिल्यासाठी तिला छापखान्यातून पगार मिळायचा आणि दुसऱ्यासाठी आम्ही वर्षभर वाट बघायचो. छापखान्यात तिचं नाव कीसबाई पडलं होतं. ते काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हसत हसत घरी आणलं आणि आम्ही त्याचं कीसमावशी केलं. तिला त्याचा राग यायचा का? मुळीच नाही. एकदा मी भेटकार्डावर 'किसमावशी' असं पहिल्या वेलांटीने लिहिलं, तेव्हा मात्र ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

ती मुद्रितशोधक होती. म्हणजे मजकूर छापण्याआधी त्याचा एक कच्चा कागद काढतात, ज्याला छापखान्यात सगळे प्रूफ म्हणतात, तो वाचून त्यातल्या चुका काढणारी. तेहतीस वर्षं तिने हेच काम केलं. खिडकीशेजारचं टेबल, लाल शाई, आणि एक लाकडी फूटपट्टी, जी ती एकेका ओळीखाली सरकवत जायची. समोर प्रूफ, डावीकडे लेखकाची मूळ प्रत. नवीन आलेल्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "आपल्याला काय येतं हे महत्त्वाचं नाही. मूळ प्रतीत काय आहे ते बघा."

ही खोड तिने घरीही आणली होती. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, पाणीपट्टीची नोटीस, जिन्यात लावलेली 'कचरा टाकु नये' ही पाटी, काहीही तिच्या तावडीतून सुटायचं नाही. मी शिकायला वसतिगृहात राहिले तेव्हा पहिल्याच आठवड्यात रडत रडत तिला पत्र लिहिलं: 'मावशी, तुझी खूप आठवन येते.' आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. 'न'भोवती लाल गोल, समासात 'ण', आणि त्याखाली तिच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द: 'मलाही'. मी चिडून ते फाडलं. मग डिंकाने चिकटवलं. अजून माझ्याकडे आहे.

काका त्याच छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाची एकेक अक्षरं जुळवून ओळ तयार करायची, हे त्यांचं काम. त्या अक्षरांना खिळे म्हणतात, म्हणून काकांना आम्ही खिळेकाका म्हणायचो. बरीच वर्षं माझी समजूत होती की ते हातोड्या-खिळ्यांच्या दुकानात कामाला आहेत. मावशी भरभर बोलायची आणि काका तिच्या पूर्णविरामाची वाट बघत बसायचे. तो क्वचितच यायचा.

त्यांची ओळख भांडणातूनच झाली. ती गोष्ट मावशीच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातले स्वल्पविरामही मला पाठ आहेत.

छापखान्याचे मालक वर्षअखेरीला गिऱ्हाइकांना एक छोटी पुस्तिका भेट द्यायचे. तिच्यात दिनदर्शिका, टपालाचे दर, भाजलं-कापलं तर काय करावं, आणि शेवटच्या दोन पानांवर एखादा पदार्थ. त्या वर्षी मालकीणबाईंनी संत्रं घातलेल्या चॉकलेट केकची कृती स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. काकांनी ते कसंबसं लावून खिळे जुळवले आणि प्रूफ घेऊन मावशीच्या टेबलाशी आले. सुट्टीला दोन दिवस उरले होते, टेबलावर कागदांचा ढीग होता आणि मावशी घाईत होती. तिने वाचायला घेतलं, आणि एका ओळीवर तिची लाल लेखणी थांबली: 'मागच्या सालीचा कीस त्यात घालावा.' तिने 'सालीचा'मधली वेलांटी उडवली.

"बाई, वेलांटी का काढलीत?"

"मागच्या सालचा पाऊस, मागच्या सालचा निकाल. साल म्हणजे वर्ष. 'मागच्या सालीचा' असं कोण म्हणतं?"

"साल संत्र्यालाही असते, बाई."

"असते ना. पण संत्र्याला मागची साल आणि पुढची साल असते का? संत्रं आहे ते, सदरा नाही."

"मूळ प्रतीत वेलांटी आहे. एकदा बघून तरी घ्या."

"त्याच मूळ प्रतीवरून चॉकलेटचं 'चाकलेट' आलंय, ते मीच आत्ता सुधारलं. मला मराठी येतं!"

'मला मराठी येतं' या वाक्याशी मावशी दरवेळी थांबायची आणि आमच्याकडे बघायची. मग सांगायची की तो माणूस पुढे एक अक्षर बोलला नाही. त्याने खिशातून चिमटा काढला, आपल्या जुळणीपाशी गेला आणि 'ली'मधला वेलांटीचा खिळा अलगद उपटला. पुस्तिका छापून झाली. तिच्या पाचशे प्रतींत मागच्या सालचा कीस घालावा असं आलं आणि त्याबद्दल एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. माझा अंदाज असा की त्या पाचशे जणांपैकी कोणी केक केलाच नाही.

केला तो फक्त मावशीने. आपण वाचून मंजूर केलेला मजकूर चुकीचा असेल हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मागच्या सालचा कीस पाहिजे, तर तो आधीच्या वर्षी करून ठेवायला हवा, हे उघड होतं. तिने चार संत्री आणली, वरची केशरी साल किसली, काचेच्या बरणीत एक थर किसाचा, एक थर साखरेचा असं भरलं, झाकण घट्ट लावलं, आणि बसली वर्षभर वाट बघत. माझी आई तिची धाकटी बहीण. ती सांगते, "लोक पैसे साठवतात, ही सालपटं साठवत होती. मला वाटलं, गेली कामातून."

पुढच्या वर्षअखेरीला बरणी उघडली. साखर विरघळून मधासारखा पाक झाला होता आणि किसाचा रंग गडद तांबूस. कडवटपणा पार गेला होता, वास मात्र असा की आई शेजारच्या खोलीतून उठून आली. मावशीने केक केला आणि छापखान्यात नेला. पहिला तुकडा तिने मुद्दाम कंपोझिटरला दिला. त्यांनी डोळे मिटून तो सावकाश खाल्ला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सगळं आहे. वेलांटी तेवढी कुठे गेली?"

सगळा छापखाना हसला. मावशी दोन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या आठवड्यात दोघांनी लग्न ठरवलं. मी शाळेत गणित शिकवते, पण हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

तेव्हापासून दर वर्षअखेरीला तो केक झाला. माझ्या शाळेच्या सुट्ट्या मी मावशीकडेच काढायचे, कारण तिला मूलबाळ नव्हतं आणि माझ्या आईच्या मते मी एकटीच तीन मुलांइतकी होते. गॅसच्या ओट्यावर कडेला तो गोल ओव्हन, ज्याच्या झाकणाला काचेचं भोक होतं. त्या भोकाशी नाक लावून बसायचा हक्क माझा. काका लोणी आणि साखर फेटायचे, एकाच दिशेने, वीस मिनिटं, न बोलता. मावशी कृती मोठ्याने वाचायची. पाठ होती, तरी पुस्तिका समोर धरून वाचायची. मैदा, कोको, अंडी, वितळवलेलं चॉकलेट, संत्र्याचा रस. आणि शेवटी बरणी. मग त्याच दिवशी नवीन संत्री किसून बरणी पुन्हा भरायची, काका तिच्यावर चिठ्ठी लावायचे, 'मागच्या सालचा कीस', आणि बरणी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात पुढच्या वर्षाची वाट बघत बसायची. यंदा भरलेल्या बरणीला 'मागच्या सालचा' कसं म्हणायचं, असा वाद मी सातवीत घातला होता. काका म्हणाले, "उघडशील तेव्हा होईल."

आणि दरवर्षी पहिला तुकडा तोंडात टाकून, डोळे मिटून, तेच वाक्य. "सगळं आहे. वेलांटी तेवढी कुठे गेली?" की मावशी लगेच, "छापलंय ते बरोबर छापलंय!"

मी सहा वर्षांची असताना मला वाटलं की वेलांटी म्हणजे वेलचीसारखं काहीतरी असणार आणि मावशी दरवर्षी ते आणायला विसरते. मला काकांची फार दया आली. मी माझ्या खाऊच्या पैशातलं एक नाणं घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "वेलांटी द्या." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, गंभीर चेहऱ्याने वरच्या फळीवर शोधल्यासारखं केलं आणि विचारलं, "पहिली देऊ की दुसरी?" मी म्हणाले, चांगली असेल ती द्या. त्याने पुडीत चार बेदाणे बांधून दिले. काकांनी ते एकेक करून, अगदी चवीने खाल्ले. म्हणाले, "बरोबर, हीच. दुसरी."

पुढे छापखान्यात संगणक आले आणि खिळे वजनावर विकले गेले. दोघंही सहा महिन्यांच्या अंतराने निवृत्त झाले. काकांनी आपली एक लाकडी पेटी तेवढी घरी आणली. चार वर्षांपूर्वी मावशीच्या डोळ्यांत मधोमध धुरकट ठिपका आला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. ज्या बाईने जन्मभर समोरच्याच ओळीकडे बघितलं, तिच्या बाबतीत हे व्हावं. मला देवाचा फार राग आला होता. तिने मात्र आठ दिवस कुरकुर केली आणि मग सोय लावली. काका रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायचे आणि ती ऐकून चुका काढायची. "थांबा. 'त्यांच्यामुळे'नंतर स्वल्पविराम दिलाय का त्यांनी? तुम्ही श्वास घेतलात." किसायचं कामही तेव्हापासून काकांकडे गेलं. त्यांचा हात हलका. खालचा पांढरा पापुद्रा एकदाही लागायचा नाही, तो लागला की कीस कडू होतो.

या वर्षी उन्हाळ्यात काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

सुट्टी लागायच्या आधी मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, "ये तू. पण यंदा केक नाही."

"का गं?"

"नाही म्हटलं ना. प्रत्येक वाक्यापुढे प्रश्नचिन्ह लावू नकोस."

तरीही मी एक डझन संत्री घेऊन गेले. मी हट्टी आहे, आणि हे घराण्यात आहे. मावशीने पिशवी चाचपली, संत्री ओळखली आणि काही न बोलता ओट्याखाली ढकलून दिली. संध्याकाळी मी कपाट उघडलं. मागच्या कोपऱ्यात बरणी होती. चिठ्ठीवर काकांचं छापल्यासारखं अक्षर, 'मागच्या सालचा कीस'. गेल्या वर्षी त्यांनीच किसलेला, त्यांनीच भरलेला.

"बरणीला हात लावू नकोस," मावशी खोलीतून म्हणाली. कपाटाच्या बिजागरीचा आवाज तिला माहीत होता.

"अगं, नुसतं बघतेय."

"ती उघडली की संपली. त्यांच्या हातचं या घरात तेवढंच उरलंय. बाकी कपडे आहेत, चष्मा आहे, पण ते विकत आणलेलं. हे त्यांनी केलेलं आहे."

"आणि नाही उघडली तर?"

"तर आहे."

मी कपाटाचं दार लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी रात्री आईला फोन केला तर ती म्हणाली, "राहू दे. तिला नको तर नको." पण मला दिसत होतं की केक टळला तर ही बाई वर्तमानपत्र ऐकणंही कायमचं सोडेल. वाचायला मी होते, तरी दोन दिवसांत तिने एकदाही अंक हातात दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने मला काकांची पेटी आवरायला बसवलं. छपाईच्या शाळेतले एक शिक्षक जुनी अवजारं मागत होते. मी जमिनीवर पेटी घेऊन बसले, ती खुर्चीत. चिमटा, दोन ओळींमध्ये घालायच्या शिसपट्ट्या, ओळ जुळवायची पितळी चौकट, एक फाटका रुमाल. तळाशी जाड कागदाची घडी होती. उलगडली तर तिच्यातून एक बारीक काहीतरी मांडीवर पडलं. शिशाचा एक खिळा. उजेडात धरला तर उलटी वेलांटी. दुसरी.

कागदावर कुत्र्याचे पाय मांजराला. 'संत्रे घातलेला चाकलेट केक.' मालकीणबाईंची मूळ प्रत! मी वाचत गेले आणि चौथ्या ओळीशी थबकले.

'संत्री सोलून रस काढावा. साल टाकू नये, मागे ठेवावी.' आणि खाली, पाच ओळींनंतर: 'मागच्या सालीचा कीस त्यात घालावा.'

मागे ठेवलेल्या सालीचा. त्याच संत्र्याच्या, त्याच दिवशीच्या. वेलांटी बरोबर होती. आणि 'साल टाकू नये, मागे ठेवावी' हे वाक्य पुस्तिकेत नव्हतंच. मला ती कृती तोंडपाठ आहे, त्यात 'रस काढावा' नंतर सरळ 'लोणी फेटावे' आहे. म्हणजे जुळवताना काकांकडून ओळ गळली होती. आणि मावशीने मूळ प्रत शेजारी घेतली असती तर ती तिला तिथल्या तिथे सापडली असती.

आता सांगायचं की नाही? एक्केचाळीस वर्षं 'मला मराठी येतं' या वाक्यावर ही बाई उभी होती. नवरा गेला, नजर गेली. आता आपण कधी चुकलो नाही, हेही तिच्याकडून काढून घ्यायचं? मी कागदाची घडी घालायला लागले.

"काय सापडलं?"

"काही नाही. जुनं बिल."

"बिलाचा कागद पातळ वाजतो. हा जाड आहे. वाच."

"कृती आहे गं. केकची. आपलीच."

"वाच म्हटलं ना."

मी वाचायला लागले. मैदा दोन वाट्या, कोको अर्धी वाटी. आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "संत्री सोलून रस काढावा. लोणी फेटावे..."

"थांब. मध्ये काय गाळलंस?"

"कुठे काय?"

"'काढावा'नंतर तू अडखळलीस. डोळा पुढे गेला आणि मागे आला. चार वर्षं मी कानांनीच वाचतेय. काय गाळलंस ते वाच."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण तिच्याशी येत नाही. मी वाचलं. पुढची वेलांटीही वाचली. मग तिच्या हातात तो खिळा ठेवला. तिने अंगठ्याने त्याची वळणं चाचपली. बोटांना ते लगेच कळलं.

तिने खिळा मुठीत घट्ट धरला. मग एकदम खुर्चीचा हात आपटून म्हणाली, "ओळ गाळली! अख्खी ओळ गाळली या माणसाने! आणि वर दरवर्षी मलाच विचारायचा, वेलांटी कुठे गेली! खिशात होती याच्या! कागद लपवून ठेवलान एक्केचाळीस वर्षं, मला हसत बसला!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा एवढी मोठ्याने बोलली होती. मला भीती वाटली आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

"तुझीही चूक आहे ना पण," मी म्हणाले. जीभ माझी, काय करणार. "मूळ प्रत बघितली नाहीस."

"नाही बघितली." ती खाली बघत म्हणाली. "एकदा बघून तरी घ्या, असं म्हणाले होते ते. सगळ्या मुलींना शिकवलं मी, आणि मीच बघितली नाही." मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं. "दाखवायचं ना मला. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

मी उठून तिच्याजवळ बसले. तिच्या मुठीत तो खिळा होता. मनाशीच हिशोब मांडल्यासारखी ती बोलत होती. "दाखवलं असतं, तर मी सुधारलं असतं. मी सोडलं नसतं. दुसऱ्या वर्षापासून ताजी साल किसली असती, त्याच दिवशी केक, त्याच दिवशी संपला. बरणी कशाला भरली असती?"

तिने मूठ उघडून खिळा अंगठ्याने पुन्हा चाचपला.

"बरणी नसती तर," ती हळू म्हणाली, "गेल्या वर्षी त्यांनी किसलं ते गेल्याच वर्षी खाऊन संपलं असतं."

"हो."

"त्यांनी एक ओळ गाळली आणि मी एक वेलांटी. म्हणून यंदाही त्यांच्या हातचं आहे." मग नाक ओढून, आपल्या नेहमीच्या आवाजात, "खायला ठेवलंय त्यांनी ते. बघायला नाही. आणि बघायला मला दिसतंय कुठे? ऊठ. लोणी बाहेर काढून ठेव, घट्ट असेल."

मी वीस मिनिटं एकाच दिशेने लोणी फेटलं. पाचव्या मिनिटाला हात बदलला तर मावशी म्हणाली, "दिशा बदललीस." मैदा आणि कोको तिने स्वतः चाळला, चाळणीला कान लावून. चॉकलेट गरम पाण्यावर धरलेल्या भांड्यात वितळवलं. संत्र्याचा रस घातला. कृती मी मूळ प्रतीतून वाचत होते, पण 'मागच्या'शी आले तेव्हा दोघींना कळेना की आता कसं वाचायचं. मावशीने बरणी मागितली. झाकण घट्ट बसलं होतं. काकांनी लावलेलं, घट्ट बसणारच. तिने मला हात लावू दिला नाही. पदरात धरून, ओठ दाताखाली दाबून, तिनेच ते फिरवलं.

वास आला तेव्हा आम्ही दोघीही रडलो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. चमचाभर नाही, अर्धी बरणी नाही, तिने सगळा कीस भांड्यात काढला आणि बरणी बोटाने पुसून घेतली. ओव्हनच्या काचेशी मी नाक लावून बसले. माझं वय आता चौतीस आहे, गुडघे लगेच बोलतात, पण तो हक्क माझाच होता.

केक गार झाल्यावर तिने पहिला तुकडा कापला आणि बशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, काकांच्या जागी ठेवली. मग आम्ही खाल्ला. आधी चॉकलेटचा जड गोडवा, आणि तो जिरत असताना मागून संत्रं. अगदी तसाच झाला होता. दोघींनी घास तोंडात ठेवला आणि दोघी थांबलो. ते वाक्य यायची वेळ झाली होती. मावशीने डोळे मिटले होते. शेवटी मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "छान झालाय." ती म्हणाली, "हूं."

मग उरलेली संत्री घेऊन मी किसायला बसले. मला काकांचा हात नाही. दोन ठिकाणी पांढरं लागलं, एका ठिकाणी माझं बोट. "कडू होईल," मावशी किसणीच्या आवाजावरून म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "वर्षभरात उतरेल." थर लावले, साखर घातली, झाकण लावलं. मग कात्रीने कागदाची पट्टी कापली आणि जमेल तितक्या सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली. तिला बरं वाटावं म्हणून, काका लिहायचे तशीच लिहिली.

"काय लिहिलंस? वाच."

"'मागच्या सालचा कीस'."

ती खुर्चीत सरळ झाली. मी किसायला बसल्यापासून मिटलेली मूठ तिने टेबलावर आणून उघडली. तळहातावर तो वेलांटीचा खिळा होता आणि त्याचा ठसा उमटला होता.

"सगळं आहे," मावशी म्हणाली. "वेलांटी तेवढी कुठे गेली?"

मी दुसरी पट्टी कापली, पुन्हा लिहिलं, आणि 'ल'नंतर त्या खिळ्यापुरती जागा सोडली.